गॅलरीचें सरकतें दार

माझ्या आईला यंदा ७८ वें वर्ष लागलें. पुण्यांत आमचें बिऱ्हाड चौथ्या मजल्यावर आहे. दिवाणखान्याच्या पुढें एक लहानशी गॅलरी आहे. आणि त्या गॅलरींत आईची तुळस, गोकर्णीचा एक वेल आणि एक जुनी वेताची खुर्ची आहे. सकाळीं चहा होण्यापूर्वीं तेथें जाऊन अर्धा तास बसावें, तुळशीला पाणी घालावें, खालच्या रस्त्यावरून कोण कोण फिरावयास निघालें आहे तें पाहावें, हा तिचा वर्षानुवर्षांचा नेम. गेल्या हिंवाळ्यांत तो नेम केव्हां मोडला हें आम्हां कोणालाच नीट सांगतां येणार नाहीं. तुळशीला पाणी माझी पत्नी घालूं लागली. आई आंतल्या कोचावर बसूं लागली. एके दिवशीं मीं सहज विचारलें, तेव्हां ती म्हणाली, "दार सरकत नाहीं रे माझ्यानें. हातांत जोर राहिला नाहीं आतां." आणि सांगावयाला लाज वाटते, पण आम्हीं सर्वांनीं तें खरें मानलें. वय झालें म्हणजे हातांतला जोर जावयाचाच, असें म्हणून आम्ही आपापल्या कामाला लागलों.

पुढें दोन महिन्यांनीं माझा भाचा चार दिवस राहावयाला आला. विशींतला, रोज व्यायाम करणारा मुलगा. त्यानें तें दार उघडतांना एक पाय भिंतीला लावला! तेव्हां कोठें माझे डोळे उघडले. प्रवासाच्या बॅगा तोलण्याचा एक हातकांटा घरीं होता. त्याची आंकडी दाराच्या मुठींत अडकवून मीं ओढून पाहिलें. कांटा १३ किलोंवर गेला तेव्हां तें दार जागचें हललें. एवढें दार वास्तविक दोन-तीन किलोंच्या ओढीनें चालावयास हवें. म्हणजे दोष आईच्या हातांत नव्हता, दारांत होता; आणि आम्ही तो तिच्या वयाच्या खात्यावर मांडून मोकळे झालों होतों.

आज त्या दाराविषयींच चार गोष्टी सांगावयाच्या आहेत. विषय लहान आहे खरा. पण शहरांत ज्यांचें घर गेल्या वीस-पंचवीस वर्षांत बांधलेलें आहे, त्यांतील बहुतेकांच्या घरीं असें एक तरी दार असेल, आणि तें पूर्वीसारखें चालत नसेल, असें मी धरून चालतों.

आपल्या जुन्या वाड्यांत सरकतें दार नव्हतें. तेथें दारें फिरत. बिजागरीवर फिरत, किंवा फळीचींच वरखालचीं टोकें खोबणींत बसवून त्यांवर फिरत. सरकत असे तो एकटा भिंतींतला अडसर. पण तीन फूट रुंदीचें दार उघडलें म्हणजे तें जवळजवळ सात चौरस फूट जागा झाडून काढतें, आणि आजच्या फ्लॅटमध्यें सात चौरस फुटांची किंमत काय होते तें आपणांस मीं सांगावयास नको. म्हणून सरकतें दार आलें. जपानी लोकांच्या घरीं तें शेंकडों वर्षांपासून आहे. लाकडाच्या चौकटीवर कागद ताणलेलें त्यांचें दार खालच्या उथळ व वरच्या खोल अशा दोन खोबणींत बसविलेलें असतें. दार काढावयाचें झाल्यास तें वर उचलून वरच्या खोल खोबणींत घालावयाचें, म्हणजे खालचें टोक मोकळें होतें व दार अलगद हातांत येतें. आपल्या ॲल्युमिनियमच्या जड दारालाहि हीच युक्ति लागू आहे, हें ध्यानांत ठेवा. पुढें त्याचा उपयोग होणार आहे.

या दाराला सर्रास 'स्लायडिंग' म्हणतात आणि तें बसविणाऱ्याला स्लायडिंगवाला. जो भाग सरकतो त्याला तो 'शटर' म्हणतो; मी आपला जुना शब्द झडप वापरतों. झडपेच्या खालच्या पट्टींत दोन्ही टोकांना एकेक चाक दडविलेलें असतें. कारागीर त्याला 'बेअरिंग' म्हणतात. चौकटीच्या तळाशीं ॲल्युमिनियमचे उभे बारीक रूळ असतात, दोन किंवा मच्छरजाळी असल्यास तीन, आणि त्यांवर चाकें चालतात. झडपेची वरची कड वरच्या पन्हाळींत नुसती धरलेली असते. तिच्यावर भार नसतो. सारा भार खालीं.

हा भार किती, याची पुष्कळांना कल्पना नसते. काचेचें वजन दर चौरस मीटरला, जाडीच्या दर मिलिमीटरमागें, अडीच किलो. तीन फूट रुंद व सात फूट उंच झडपेंत ५ मिलिमीटरची काच असली तर नुसत्या काचेचें वजन सुमारें २४ किलो होतें. ८ मिलिमीटरची असली तर ३९ किलो. त्यांत ॲल्युमिनियमची चौकट मिळवा. एवढें ओझें लिंबाएवढ्या दोन चाकांवर रोज दहा-वीस वेळां इकडून तिकडे जात असतें. आणि तें ज्यावरून जातें त्या रुळाच्या दोन्ही बाजूंना काय असतें तें पाहावयाचें असेल तर आज जेवणानंतर एक विजेरी घेऊन दाराशीं ओणवे व्हा. माती, केस, तुळशीचीं मंजिरी, उदबत्तीची राख, कबुतरांचीं पिसें, गहू निवडतांना उडालेले खडे, आणि ज्यांच्या घरीं लहान मुलें आहेत त्यांच्याकडे पेन्सिलीचे तुकडे. चाक या सर्वांवरून जातें व त्यांची पूड करतें. ती पूड पहिल्या पावसांत ओली होते, उन्हांत वाळते, आणि रुळाशेजारीं सिमेंटासारखी घट्ट बसते.

येथें गृहस्थ लोक पहिली चूक करतात. दार जड झालें कीं स्वयंपाकघरांतून खोबरेल तेलाची वाटी येते. दोन दिवस दार सुरेख चालतें. तिसऱ्या दिवसापासून तेलाला धूळ चिकटूं लागते, आणि महिन्याभरांत तेथें असा चिखल होतो कीं ज्याला धूळ म्हणतां येत नाहीं आणि तेलहि म्हणतां येत नाहीं. शिवाय खोबरेल पुण्याच्या थंडींत बाटलींत गोठतें, तें रुळावर गोठणार नाहीं काय? आमच्या दाराचा आजार हिंवाळ्यांत वाढला त्याला हें एक कारण होतें. तेल घालणारा मीच होतों. शिवणयंत्राचें तेल गोठत नाहीं, पण धूळ तेंहि तितकीच धरतें. तेव्हां ओलें तेल कोणतेंहि असो, तें रुळावर घालूं नये, असें माझें स्पष्ट मत झालें आहे.

आधीं स्वच्छता. कोरडी धूळ कोरडीच काढावी. पाणी आधीं ओतलें तर चिखल होऊन तो चाकांत शिरतो. जुना दातांचा ब्रश व एक बोथट लाकडी पट्टी घेऊन रुळाच्या दोन्ही बाजू खरवडाव्या. लोखंडी स्क्रूड्रायव्हरनें खरवडूं नये, कारण ॲल्युमिनियम मऊ असतें, आणि रुळाला पडलेला एक लहानसा ओरखडा पुढें चाकाला कायमचा खाडा होऊन बसतो. नंतर व्हॅक्यूम क्लीनर असल्यास त्यानें, नसल्यास हातझाडूनें, ती धूळ उचलावी. मग कोमट पाण्यांत भांडीं घासण्याच्या साबणाचे चार थेंब टाकून फडक्यानें पुसावें, साध्या पाण्यानें पुन्हां पुसावें व वाळूं द्यावें. तेल पूर्वीं घातलेलें असेल तर हें काम दोनदां-तीनदां करावें लागतें. मला एक पुरी सकाळ लागली.

साबणापेक्षां तीव्र कांहीं वापरूं नये. ॲल्युमिनियमवर त्याच्याच ऑक्साइडचा एक अत्यंत पातळ थर हवेनें आपोआप चढलेला असतो व तोच त्याचें रक्षण करतो. आम्ल आणि क्षार हे दोघेहि त्या थराचे शत्रु आहेत. संडास धुण्याचें औषध, धुण्याचा सोडा, फार काय, घरांत फरशी बदलतांना उडालेलें ओलें सिमेंटसुद्धां, या दाराला डाग पाडतें, आणि तो डाग जात नाहीं. घराचें काम चालूं असेल तेव्हां या चौकटीला आधीं कागद चिकटवावा. मुंबई, रत्नागिरी किंवा गोव्याकडे समुद्राजवळ राहणाऱ्यांना आणखी एक शत्रु आहे, तो म्हणजे खारें वारें. मिठाचा अंश त्या थराला सुईनें टोंचल्यासारखीं भोकें पाडतो. रुळाच्या कोपऱ्यांत पांढरी पूड दिसूं लागली तर ती हीच. त्यांनीं महिन्यांतून एकदां सारी चौकट गोड्या पाण्यानें पुसून घ्यावी. तेथें लोखंडी स्क्रू लावलेले असतील तर ते गंजून फुगतात व आजूबाजूचें ॲल्युमिनियमहि बिघडवितात. ते काढून स्टेनलेस पोलादाचे लावून घ्यावे.

रूळ वाळला म्हणजे पांढरी मेणबत्ती घेऊन त्याच्या माथ्यावरून एक-दोनदां घासावी. जपानी घरांतूनहि खालच्या खोबणीला मेण घासण्याची चाल आहे. मेण कोरडें असल्यानें धूळ फारशी धरीत नाहीं. सिलिकॉनचा फवारा मिळतो तोहि चांगला. पण तो थेट रुळावर मारूं नये, फडक्यावर मारून तें फडकें रुळावर फिरवावें. फवाऱ्याचे तुषार फरशीवर पडले तर फरशी इतकी गुळगुळीत होते कीं दार सुधारण्याच्या नादांत घरांतल्या म्हाताऱ्या माणसाचा पाय मोडावयाचा.

इतकें करून पुष्कळांचीं दारें सुधारतील. आमचें दार १३ वरून ८ किलोंवर आलें आणि तेथेंच थांबलें. यावरून चाकें बिघडलीं आहेत हें उघड झालें. कान देऊन ऐकलें असतां हेंच कळतें. कचऱ्यावरून जाणारें दार करकरतें. चाक अडकलेलें दार घासटत गेल्यासारखा एकसारखा आवाज करतें. चाक एकदां कचऱ्यानें अडकलें कीं तें फिरत नाहीं, नुसतें ओढलें जातें. ओढलें जातांना एकाच जागीं झिजतें व तेथें सपाट होतें. आणि सपाट झालेलें चाक पुढें तुम्ही कितीहि साफ करा, त्याच सपाट जागेवर बसून राहतें. अशा चाकाला औषध नाहीं. तें बदलावयाचें.

त्यासाठीं झडप काढावी लागते, आणि येथें मला अगदीं गंभीरपणें सांगावयाचें आहे. हें एकट्यानें करावयाचें काम नव्हे. दोन धडधाकट माणसें हवींत, हातांत जाड मोजे हवेत, पायांत बूट हवेत, आणि मुलें दुसऱ्या खोलींत हवींत. वारा सुटलेला असतांना हें काम मुळींच काढूं नये. काच ८ मिलिमीटरची असेल, किंवा झडप चार फुटांपेक्षां रुंद असेल, किंवा काचेला कोठें तडा दिसत असेल, तर स्लायडिंगवाल्याला बोलवावें. त्यांत कांहीं कमीपणा नाहीं.

झडप काढण्यापूर्वीं वरच्या पन्हाळींत पाहा. तेथें बहुधा रबराचा, नायलॉनचा किंवा ॲल्युमिनियमचा एक लहान ठोकळा स्क्रूनें बसविलेला आढळेल. झडप वर उचलली जाऊं नये म्हणून तो असतो. तो काढावा आणि कोठें ठेवला तें लक्षांत ठेवावें. मग झडपेच्या खालच्या कोपऱ्यांशीं, उभ्या पट्टीच्या कडेला, एकेक भोक दिसेल. कधीं त्यावर प्लॅस्टिकचें झाकण असतें. आंत एक स्क्रू असतो. तो फिरवला कीं चाक वरखालीं होतें. चाक जितकें आंत जाईल तितकें घालवावें, म्हणजे झडप खालीं बसते आणि वर उचलावयाला जागा मिळते. हलक्या दारांच्या चाकांना ही सोय नसते. तीं जशीं बसविलीं तशींच राहतात. आतां दोघांनीं दोन कडा धरून झडप सरळ वर उचलावी, खालची कड आपल्या बाजूला, म्हणजे खोलीच्या बाजूला, ओढून घ्यावी, आणि मग खालीं उतरवावी. आंतल्या रुळावरची झडप आधीं, बाहेरची मागून. काच नेहमीं उभी न्यावी व उभी ठेवावी. आडवी धरलेली मोठी काच स्वतःच्याच भारानें लवते व तडकते. जमिनीवर गोधडी किंवा जाड सतरंजी घालून झडप तिच्या लांब कडेवर उभी करावी. एकानें ती शेवटपर्यंत धरून ठेवावी. अशी ठेवली म्हणजे चाकें असलेली कड बाजूला येते व काम सोईचें होतें.

चाक एखाददुसऱ्या स्क्रूनें धरलेलें असतें. तें सुटलें म्हणजे पकडीनें ओढून काढावें. आणि आतां महत्त्वाची गोष्ट: तें जुनें चाक खिशांत घालून दुकानांत जावें. चाकाचा व्यास, त्याच्या खांचेचा आकार, तें ज्या घरांत बसतें त्या घराची रुंदी व उंची, यांचे इतके प्रकार आहेत कीं तोंडानें वर्णन करून आणलेलें चाक शेंकडा नव्वद वेळां परत करावें लागतें, ही माझी आपली अटकळ. मला स्वतःला दोन खेपा पडल्या. चाकें दोन्ही एकदम बदलावीं. एकच बदललें तर नव्यावर जास्त भार येऊन तेंहि लवकर जातें. नायलॉनच्या चाकाचा आवाज कमी आणि रुळाला तें सौम्य; पोलादी चाक टिकतें अधिक, पण ॲल्युमिनियमचा रूळ खातें. घरगुती दाराला मी नायलॉनच घेईन, मात्र आंत गोळ्यांचें बेअरिंग असलेलें.

चाकें काढलेलीं असतां रुळावरून बोटाचें नख फिरवून पाहावें. खाडा लागला, किंवा रूळ एका बाजूला वांकलेला दिसला, तर नवीं चाकेंहि फार दिवस टिकणार नाहींत. वांकलेला रूळ लाकडाचा तुकडा लावून पकडीनें हलक्या हातानें सरळ करतां येतो. झिजलेल्या रुळावर स्टेनलेस पोलादाची पातळ टोपी चढवितां येते. ती सर्व ठिकाणीं मिळत नाहीं, पण मिळाल्यास सारी चौकट उखडण्याचा खर्च वांचतो. सारी चौकट बदला असें सांगणाऱ्याला या टोपीविषयीं एकदां विचारून पाहावें.

झडप परत बसवितांना उलट क्रम. वरची कड पन्हाळींत घालावी, उचलावी, खालची कड रुळावर आणावी आणि चाकें खरोखर रुळावर बसलीं आहेत ना हें वांकून पाहावें. नंतर समतोल. दार बंद करीत आणून अर्धा इंच फट ठेवावी व ती फट पाहावी. ती वरपासून खालपर्यंत सारखी हवी. फट वर रुंद आणि खालीं अरुंद असेल तर झडप चौकटीपासून मागें कललेली आहे. तेव्हां चौकटीपासून दूरचें जें चाक, त्याचा स्क्रू फिरवून ती बाजू थोडी उचलावी. फट खालीं रुंद असेल तर जवळची बाजू उचलावी. बहुधा स्क्रू उजवीकडे फिरवला असतां झडप वर जाते, पण सर्वच ठिकाणीं तसें नसतें. अर्धा फेरा फिरवून पाहावें व मग पुढें जावें. फिरवतांना सोबत्यानें झडप किंचित उचलून धरावी, नाहींतर साऱ्या भारानिशीं फिरविलेल्या स्क्रूचा माथा झिजतो. कुलूप लागत नाहीं अशी जी तक्रार असते तिचें कारण पुष्कळदां हा कलच असतो. आंकडी खांचेच्या वर किंवा खालीं येते आणि लोक कानस घेऊन खांच मोठी करीत बसतात. आधीं झडप सरळ करा. कुलूप आपोआप लागेल.

तो वरचा ठोकळा मात्र विसरूं नका. तो नसेल तर जसें आपण दार उचलून काढलें तसें बाहेरून चोरहि काढूं शकेल. आणि सोसाट्याच्या वाऱ्यांत झडप उडी मारून रुळावरून उतरेल ती गोष्ट वेगळीच.

आमच्या दाराचें हें सारें झालें तेव्हां हातकांट्यावर अडीच किलो दिसले. मीं आईला बोलाविलें. तिनें संवयीनें दोन्ही हात मुठीला लावून, अंग मागें टाकून, असा कांहीं जोर केला कीं दार धाडकन् जाऊन पलीकडच्या चौकटीवर आदळलें आणि ती स्वतः कोलमडतां कोलमडतां वांचली. तेव्हां पुढच्या माणसासाठीं ही एक सूचना: दार सुधारल्यावर घरांतल्या सर्वांना तें आधीं सांगावें, आणि टोंकाला रबरी अटकाव आहे कीं नाहीं तें पाहावें. "एका हातानें जातें," असें तिला सांगितल्यावर तिनें तें पुन्हां लावलें, पुन्हां उघडलें. आमच्याशीं कांहीं बोलली नाहीं.

काचेविषयीं एक गोष्ट राहिली. सरकत्या दारांत साधी काच असूं शकते आणि टफन्ड म्हणतात ती कडक केलेली काचहि असूं शकते. कडक केलेल्या काचेच्या कोपऱ्यांत बहुधा कोरलेली बारीक खूण असते. ही काच साधीपेक्षां तीन-चारपट धक्का सोसते, आणि फुटलीच तर तिचे खडीसाखरेसारखे बोथट कण होतात. साधी काच फुटली तर तिच्या सुऱ्या होतात. ज्या घरांत मुलें धांवतात किंवा ज्यांची नजर अधू झाली आहे अशीं माणसें आहेत, तेथें दारांत साधी काच असेल तर ती बदलून घ्यावी, आणि कोणतीहि असली तरी डोळ्यांच्या उंचीवर एखादी रंगीत पट्टी चिकटवावी. स्वच्छ पुसलेलें बंद दार उघडें वाटून त्यावर आदळण्याचे प्रकार वाटतात तितके विरळा नाहींत. कडक काच एकदां तयार झाल्यावर कापतां येत नाहीं. तेव्हां माप नीट घेतल्याखेरीज ती मागवूं नये.

आतां पाणी. दरवर्षीं जूनमध्यें या दारांतून पाणी आंत येतें आणि लोक दाराला दोष देतात. खरें पाहतां हें दार पाणी मुळींच थोपवून धरीत नाहीं. तें पाणी रुळाच्या पन्हाळींत घेतें आणि बाहेर सोडतें. त्यासाठीं चौकटीच्या तळाशीं बाहेरच्या बाजूला लहान लांबट भोकें ठेवलेलीं असतात. तीं मातीनें बुजलीं कीं पन्हाळ भरते व पाणी दिवाणखान्यांत उतरतें. आमच्याकडे तर याहून मौज झाली होती. पूर्वीं एका कारागिरानें "बाहेरून फटी दिसतात, पाणी येईल" म्हणून तीं भोकें सिलिकॉननें नीटनेटकीं बंद करून दिलीं होतीं, आणि मीं त्याला वर बक्षीस दिलें होतें! तीं भोकें तारेनें मोकळीं करावीं आणि एक तांब्याभर पाणी पन्हाळींत ओतून पाहावें. अर्ध्या मिनिटांत तें बाहेर पडावयास हवें. गॅलरीच्या मोरीच्या जाळींत तुळशीचीं पानें अडकलेलीं नाहींत ना, हेंहि त्याच वेळीं पाहावें. गॅलरीच तुंबली तर भोकें काय करतील?

भोकें मोकळीं असूनहि वादळांत पाणी येतें, तें कां? वारा पाण्याला ढकलून वर चढवितो म्हणून. ताशी ५४ किलोमीटर वेगाचा वारा पन्हाळींतलें पाणी सुमारें १४ मिलिमीटर चढवूं शकतो. वेग दुप्पट झाला तर दाब दुप्पट नव्हे, चौपट होतो. म्हणजे ताशी १०८ किलोमीटरांना साडेपांच सेंटिमीटर. आमच्या चौकटीची आंतली पट्टी ३२ मिलिमीटर उंच आहे. रोजच्या पावसाला ती पुरते. पण ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलें तेव्हां वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरांच्या वर होता, आणि तशा वाऱ्यापुढें ती पुरणार नाहीं हें गणितच सांगतें. अशा दिवशीं दाराच्या आंतल्या बाजूला जुना पंचा किंवा टॉवेल गुंडाळून ठेवावा, गालिचा गुंडाळून घ्यावा, आणि दाराला शिव्या देऊं नयेत.

झडपांच्या कडेनें जी बारीक केसाळ पट्टी असते ती वारा व धूळ अडविते. ती उन्हानें झडते. मग दार वाऱ्यांत खडखडूं लागतें, आणि रात्रीं बारीक शीळ ऐकूं येते. पट्टी खोबणींतून ओढून निघते व नवी तशीच सरकवितां येते. ती वारावर, म्हणजे मीटरवर, मिळते. जुन्या पट्टीचा वीतभर तुकडा सोबत न्यावा, कारण तिच्या पाठीची रुंदी व केसांची उंची दोन्ही जुळावी लागते. फार उंच केसांची आणली तर दार पुन्हां जड होतें. काचेभोंवतीचें रबर आंखडून कोपऱ्यांत फट पडली असेल तर तेंहि बदलावें. नवें रबर ताणून बसवूं नये, उलट थोडें दाटून बसवावें, कारण तें पुढें आंखडतेंच.

हें सर्व मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यांत उरकावें. जून लागला कीं स्लायडिंगवाले हातीं लागत नाहींत, दुकानांतलीं आपल्या मापाचीं चाकें संपलेलीं असतात, आणि झडप काढून ठेवलेली असतांना पाऊस आला तर गॅलरी व दिवाणखाना एक होतात. रूळ साफ करण्याचें काम मात्र बारा महिने, दर पंधरा दिवसांनीं. त्याला पांच मिनिटांपेक्षां अधिक वेळ लागत नाहीं. आमच्या घरीं तें काम आईनें स्वतःकडे घेतलें आहे. तिचा दातांचा ब्रश तुळशीच्या कुंडीमागें ठेवलेला असतो, आणि खोबरेलाची बाटली तिनें माझ्या हाताला लागणार नाहीं अशा ठिकाणीं हलविली आहे.